वाक्यात उपयोग करा

आमच्या घरी 'जपणं' म्हणजे झोपणं. दुसरा अर्थ नव्हताच. "जपी गया का रे?" म्हणजे झोपलास का. आजी दुपारी ओसरीवर अंग टाकायची आणि म्हणायची, "माले जपू दे जरासं." अहिराणी घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो हेच सांगेल. त्यामुळे शहाद्याहून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर 'वाहन जपून चालवा' अशी पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आवरेना. बाजूला बसलेल्या काकांना म्हटलं, "दखा, सरकार सांगी राह्यनं, जपता जपता गाडी चालाडा." काका हसले नाहीत. आमच्या घरात त्या शब्दावर सगळे हसत नसत, आणि त्याचं कारण मला माहीत असायला हवं होतं.

मी तेव्हा तिसरीत होतो. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा. पावसाळ्याचे दिवस, गोमाईचं पाणी गढूळ झालेलं, आणि गावात हगवणीची साथ. भावाला दोन दिवस जुलाब होत होते. तिसऱ्या दिवशी तो रडायचाही थांबला, तेव्हा वडिलांनी गाडी जुंपली आणि त्याला शहाद्याला आणलं. मीही सोबत होतो, कारण मला घरी ठेवायला कोणी नव्हतं. दवाखान्यात पुण्याकडची एक सिस्टर होती. गोरी, तरतरीत, कामाला वाघ. तिने भावाला तपासायला लावलं, सुई टोचून घेतली, आणि लाल औषधाची बाटली मायच्या हातात दिली. त्या काळी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि तिला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस.

सिस्टर पटापट बोलत होती. दर दोन तासांनी एक खाच द्यायची, मधेमधे उकळून गार केलेलं साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं. माय मान हलवत होती. शेवटी सिस्टर म्हणाली, "आजची रात्र बाळाला नीट जपा बरं का. आजची रात्र महत्त्वाची आहे."

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं मायला पूर्ण समजलं. निदान तिला तसं वाटलं.

आम्ही रात्रीपुरते एका नातेवाइकाच्या घरी उतरलो होतो. पहिली खाच पाजली, आणि सुईमुळे असेल की थकव्यामुळे, भावाचा डोळा लागला. दोन रात्री न झोपलेलं पोर गाढ झोपलं. मायच्या चेहऱ्यावर मी दोन दिवसांत पहिल्यांदा हसू पाहिलं. वडील म्हणाले, औषधाची वेळ झाली, उठव. माय म्हणाली, "नको. बाईनी सांगं ना, रातभर जपा म्हनीसन. त्याले जपू दे, उठाडू नको." वडिलांनाही ते पटलं. सिस्टरनेच सांगितलं म्हटल्यावर कोण बोलणार? पदराने वारा घालत ती बसून राहिली. बाटली कोनाड्यात होती, तिची एकच खाच रिकामी.

शेजारच्या घरात एक म्हातारी गुजर बाई होती. तिला म्हणे रात्री झोप येत नसे. पहाटेच्या आधी ती कंदील घेऊन आली, कारण तिला पोराचा आवाज ऐकू येत नव्हता. आजारी पोर रडत असलं की भीती नाही, गप्प झालं की भीती, हे तिला सांगायला डॉक्टर लागला नाही. तिने भावाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "ऊठ वं माय, पोऱ्यानं तोंड दख," ती ओरडली. तिची बोली गुजरी, पण त्या वेळी ती आमच्याशी आमच्या बोलीत बोलली. पुढचं मला तुटक आठवतं. वडील पोराला खांद्यावर टाकून पळाले, माय अनवाणी मागे. मी बाटली घेतली होती.

भाऊ वाचला. आज तो पन्नाशी ओलांडलेला, पपई आणि केळीचा बागायतदार आहे, आणि त्याला यातलं काही आठवत नाही. पण त्या सकाळचं एक बोलणं आमच्या घराला पुरून उरलं. सलाइन लागल्यावर सिस्टर चिडून मायला म्हणाली, "तुम्हाला बजावलं होतं ना, बाळाला जपा म्हणून?"

माय रडत म्हणाली, "जपाडं ना बाई! रातभर जपाडं!"

सिस्टरला वाटलं, ही खोटं बोलतेय. मायला वाटलं, आपण सांगितलं तेच केलं आणि ही बाई उलटून बोलतेय. मध्ये कंपाउंडर उभा होता, तो इथलाच. त्याच्या ध्यानात आलं. त्याने सिस्टरला हळू आवाजात काही सांगितलं. ती बाई बाकावर बसली आणि बराच वेळ बोललीच नाही. मग उठून तिने मायच्या हाताला धरलं, बाटलीवरच्या खाचा दाखवल्या, आणि खिडकीतून येणारं ऊन फरशीवर कुठे आलं की पुढची खाच द्यायची ते खडूने आखून दिलं.

वडिलांनी पुढे या गोष्टीचा विनोद केला. सोयऱ्याधायऱ्यांत सांगून हसवायचे. माय कधी हसली नाही. ती पुस्तकी मराठी बोलणाऱ्या कोणाशीही बोलताना, तलाठी असो की बँकेतला साहेब, त्याचं वाक्य संपलं की विचारायची, "म्हंजे काय करानं?" लोकांना वाटे बाई मंद आहे.

आता याला कोणी वाक्प्रचार म्हणणार नाही, हा साध्या शब्दाचा घोळ आहे, असं म्हणतील. बरोबर आहे. पण ज्याला बाहेरची भाषा शिकायची असते त्याला साधा शब्द कुठे संपतो आणि वाक्प्रचार कुठे सुरू होतो हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळीच अंधारातली पायरी.

शाळेत ही पायरी रोजची होती. 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मराठीच्या पेपरात ठरलेला. पाच मार्कांचा. अर्थ पाठ करता यायचे, वाक्य मात्र स्वतःचं करावं लागे आणि तिथे आम्ही उघडे पडायचो. 'हात टेकणे' याला मी लिहिलं होतं, 'जेवून उठताना आजीने जमिनीला हात टेकले.' वाक्य खोटं नव्हतं. माझ्या मित्राने 'पोटात कावळे ओरडणे' याला लिहिलं, 'त्याच्या पोटात कावळे ओरडले म्हणून त्याला दवाखान्यात नेले.' गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं. मित्र लाल झाला. त्यात त्याचं काय चुकलं होतं? पोटात खरंच कावळे ओरडले तर दवाखान्यातच न्यावं लागेल.

बरं, पुस्तकातल्या वाक्प्रचारांचं गाव आमचं नव्हतं. अटकेपार झेंडे लावणं, पानिपत होणं, ध चा मा करणं. हे सगळं पेशव्यांच्या पुण्याचं. १७५८ साली मराठे अटकेपर्यंत गेले, १७६१ ला पानिपत झालं, १७७३ च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि 'धरावे'चं 'मारावे' केल्याची कथा त्याला चिकटली. पुण्याच्या पोराला शनिवारवाडा तरी दिसतो. आम्ही तापीकाठचे. 'दर्यात खसखस' हे आम्हाला शिकवलं तेव्हा वर्गातल्या एकानेही दर्या पाहिला नव्हता, आणि खसखस तिघाचौघांनी.

उलट आमच्या आजीच्या तोंडी ज्या म्हणी होत्या त्यांना परीक्षेत जागा नव्हती. 'आंधयं दयस नि कुत्रं पीठ खास' ही ती दिवसातून एकदा तरी म्हणायची, बहुतेक वेळा आमच्या भाऊबंदांच्या शेतीकडे बघून. पेपरात ती 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' अशी लिहावी लागे. ळ घातला की ती आजीची राहत नसे. ग्रिअर्सनसाहेबाने आपल्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडात, १९०७ साली, आमच्या खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं. त्यावरून अजून विद्वानांचे वाद होतात. गावात ते वाद कोणाला माहीत नव्हते. पण 'शुद्ध बोल' एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

एकदाच एक वाक्प्रचार मला डोळ्यांनी दिसला. सारंगखेड्याच्या यात्रेत. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार. काकांचा हात धरून मी घोड्यांच्या रांगांतून फिरत होतो. एक व्यापारी सौदा आटोपून निघायच्या घाईत होता. त्याने घोड्याच्या पाठीवरचं नक्षीचं कापड ओढलं, दुमडलं, काखेत मारलं. काका म्हणाले, "दख, यालेच गाशा म्हनतस." गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं आच्छादन. तो गुंडाळला म्हणजे मुक्काम हलला. म्हणजे 'गाशा गुंडाळणे' हे कोणी तरी एकदा खरोखर केलेलं काम होतं! मग मी काकांना भंडावून सोडलं. खोगीरभरती म्हणजे काय? त्यांनी फाटक्या खोगिरातून बाहेर आलेल्या चिंध्या दाखवल्या. खोगिरात काहीही भरलं तरी चालतं, म्हणून बिनकामाच्या माणसांच्या भरतीला खोगीरभरती. घोडं चौखूर उधळतं कसं तेही त्या दिवशी दिसलं, कारण एक खरंच उधळलं आणि आम्ही पळालो. 'वरातीमागून घोडं' मात्र समजायला स्वतःच्या लग्नापर्यंत थांबावं लागलं. तो किस्सा पुन्हा कधी.

पुढे मी डी.एड. केलं. तिथल्या ग्रंथालयात दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन जाड खंड होते, १९४२ आणि १९४७ चे. मी ते कादंबरीसारखे वाचले. सगळ्या वाक्प्रचारांच्या किल्ल्या आता आपल्या हातात आल्या, असं मला वाटू लागलं. चांगला शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाला असं वाटणं धोक्याचं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

१९८६ ला जिल्हा परिषदेची नेमणूक मिळाली. जिल्हा तेव्हा धुळे. नंदुरबार वेगळं व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचं होतं. शाळा म्हसावदच्या वर, तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, पावरा वस्तीचा पाडा. नाव लिहीत नाही. कुडाच्या भिंती, एक फळा, चार वर्ग, एक शिक्षक. पोरांची बोली पावरी. माझी अहिराणी तिथे अर्धीमुर्धी चालायची आणि पुस्तकातलं मराठी त्याहून कमी. म्हणजे आता पुण्याकडची सिस्टर मी होतो.

तिसरीत एक मुलगा होता. हुशार म्हणावा असा. अक्षर वळणदार, आणि पाढे मी न शिकवलेलेही यायचे. पण दिवाळीनंतर तो गैरहजर राहू लागला. ओढ्यावर खेकडे धरायला जायचा. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. एका संध्याकाळी हजेरीपट काखेत मारून मी त्याच्या घरी गेलो. बाप अंगणात दोरी वळत होता. त्याला मोडकं का होईना मराठी येत होतं, म्हसावदच्या बाजारात आणि शहाद्याकडच्या शेतांत मजुरी करून शिकलेलं. बाज टाकली, पाणी दिलं.

मी म्हणालो, "पोराकडे लक्ष द्या. असंच चाललं तर पोरगं हातातून जाईल."

त्याचे हात थांबले. "खरं सांगता, गुरुजी?"

"खरंच सांगतो. आत्ताच काय ते करा. नंतर काही उपयोग नाही."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "किती दिवस?"

मी हजेरीपट उघडला. बोटाने मोजलं. "बारा दिवस," म्हणालो.

तो उठून आत गेला. आतून बायकोचा आवाज आला, रडल्यासारखा. मला वाटलं, पोराला मार पडणार. जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता येईल ठिकाणावर.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी घराला बाहेरून काटेरी झाप लावलेला. दिवाळीनंतर पाड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तशी हीही गेली असतील असं मी धरलं. हजेरीपटावर लाल शाईने 'स्थलांतर' लिहिलं. वरच्या ऑफिसला तो शब्द आवडायचा.

होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, माणसं परत आली. हा बापही आला, बायकोही आली. मुलगा नव्हता. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याला मी सहज विचारलं, पोरगं कुठाय? तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं ना, बारा दिवस राहिलेत म्हणून."

मी बापाकडे गेलो. मला वाटलं तो तोंड फिरवेल. त्याने बाज टाकली, पाणी दिलं, आणि पानात बांधलेली चारोळी माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून पोरगं वाचलं." त्या रात्रीच त्याला बडव्याकडे नेलं होतं. बकरा दिला होता. मग पाड्यातलं पाणी नको म्हणून डोंगर उतरून गुजरातेत मामाकडे नेऊन ठेवलं. बारा दिवस आई त्याच्याजवळ बसून होती. तेरावा दिवस उजाडला आणि पोरगं उठून भाकर मागायला लागलं.

मी त्याला समजावायला लागलो. अहो, हातातून जाणं म्हणजे बिघडणं, वाईट नादाला लागणं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की आदल्या पावसाळ्यात त्याची धाकटी मुलगी तापाने फणफणली होती. तिला झोळीत घालून खाली दवाखान्यात नेलं. सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पोरगी हातातून गेली.

"मी त्यांना विचारलं, गुरुजी. कुठे गेली?"

त्या वाक्प्रचाराचा अर्थ तो तिथे शिकला होता. माझ्यासारखा कोशातून नव्हे. आणि तो अर्थ बरोबर होता. दवाखान्यात, कोर्टात, सावकाराकडे, शाळेत, हातातून जाण्याचे अर्थ वेगवेगळे. कोणत्या ओसरीवर बसून कोणता घ्यायचा हे त्याने कसं ओळखावं? मीच ओळखायला हवं होतं. ज्याच्या मायने "रातभर जपाडं" म्हणत दवाखान्यात आकांत केला त्याने तर नक्कीच.

मुलाला परत आणा म्हणून मी किती वेळा सांगितलं त्याचा हिशेब नाही. बाप नाही म्हणाला नाही. म्हणायचा, बघू, पाऊस पडला की आणू. मामाकडे ढोरं होती, पोरगं तिथे रमलं होतं, आणि खरी गोष्ट अशी की पाड्यातल्या पाण्याची भीती त्याच्या आईच्या मनातून गेली नाही. पावसाळे आले, गेले. माझी बदली झाली.

त्यानंतर मी पालकांशी बोलताना वाक्प्रचार सोडून दिले. 'तो बारा दिवस शाळेत आला नाही, उद्या पाठवा' असं बोलायचं. सोपं नाही ते. करून बघा. माणूस तोंड उघडतो आणि हातच बाहेर पडतात. हात देणं, हात आखडता घेणं, हातपाय गाळणं, हातावर तुरी देणं, हात धुवून मागे लागणं. 'हात दाखवणं' घ्या. ज्योतिषाला दाखवतात, दुष्मनाला दाखवतात, आणि एस.टी.ची ती योजना आली तेव्हा रस्त्यात उभं राहून गाडीलाही दाखवू लागले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या शेऱ्यात लिहिलं, 'शिक्षकाची भाषा रुक्ष आहे.' मी सही केली.

वर्गात मात्र वाक्प्रचार शिकवणं भाग होतं, पाच मार्कांचा प्रश्न कोणाला चुकलाय? एवढंच करायचो की पोराने शब्दशः वाक्य केलं तर त्यावर चूक अशी फुली मारत नसे. बाजूला लिहायचो, 'हेही खरं.' आणि पोरांना विचारायचो, तुमच्या घरी असं वेळेला काय म्हणतात? आधी ती लाजायची. मग एकमेकांच्या आज्यांच्या नकला करत सांगायची, वर्ग हसायचा, आणि मी एकटा न समजून बसलेला असायचो. ते त्यांना फार आवडायचं.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. भावाच्या शेतातली पपई भरायचं काम चाललं होतं. मी सहज गेलो होतो. टोळीत पस्तिशीकडे झुकलेला एक गडी होता, रद्दी कागदात एकेक फळ गुंडाळून गाडीत रचत होता. माझ्याकडे दोनतीनदा बघितलं. मग कागद खाली ठेवून आला आणि पाया पडला. "गुरुजी, ओळखलं का?" मी ओळखलं नव्हतं. त्याने पाड्याचं नाव सांगितलं, आणि हसत म्हणाला, "बारा दिवसवाला."

आम्ही बांधावर बसलो. बाप गेला, आई आहे, त्याला दोन पोरं आहेत, दोन्ही आश्रमशाळेत. मी त्या संध्याकाळबद्दल काही तरी बोलायला गेलो, पण ते नीट निघेना. त्यानेच मला सोडवलं. म्हणाला, "लई मजा झाली होती, गुरुजी. बारा दिवस कोणी काम सांगितलं नाही. रोज अंडं. आई रात्रभर जागायची, मी झोपलो की हलवून बघायची, आहे का म्हणून. मी आजारीच नव्हतो तरी बरा झालो." आणि मोठ्याने हसला.

"पाढे येतात का अजून?" मी विचारलं.

"पंधरापर्यंत येतात. पुढचे ढोरांमागे गेले."

गाडी वजनकाट्यावर जाऊन आली. ड्रायव्हरने टोळीच्या हिशेबाची म्हणून काट्याची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली, शर्टाला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"आकडे कळतात, गुरुजी. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय तेवढं वाचा बरं."